विरजणाची वाटी, गोदेचं पाणी आणि हट्टी जिवाणू

औषधाला न जुमानणारे जिवाणू म्हटलं की डोळ्यांपुढे मोठ्या इस्पितळाचा अतिदक्षता विभाग येतो. काचेची दारं, नळ्या, हातमोजे. पण ही गोष्ट गोदाघाटावर सुरू होते, सटाण्याच्या डाळिंबबागेतून जाते, गल्लीतल्या मेडिकलपाशी थांबते आणि स्वयंपाकघरातल्या दह्याच्या भांड्यातही डोकावते. नाशिककरांनो, चला तर मग घाटापासूनच निघू.

एका पर्वणीत १३० पट

२०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात साऱ्या देशाचं लक्ष साधूंच्या मिरवणुकांकडे होतं, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातले, म्हणजे एनसीसीएसमधले संशोधक गोदावरीचं पाणी बाटल्यांत भरून नेत होते. नाशिकमधली पाच ठिकाणं त्यांनी निवडली होती. पाण्यातल्या जिवाणूंचा जनुकीय ठसा काढायचा आणि मेळ्याच्या गर्दीत नदीचं काय होतं ते पाहायचं, हा बेत. २०१८ मध्ये त्यांचा निबंध 'मायक्रोबियल इकॉलॉजी' या नियतकालिकात आला.

त्यातले आकडे प्रत्येक नाशिककराने पाठ करावेत असे आहेत. मेळ्याच्या काळात पाण्यातला जिवाणूंचा भार जवळपास १३० पट वाढला. पण वाण मात्र घटले: जिवाणूंचं वैविध्य सुमारे ३७.५ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे गर्दी झाली ती मोजक्याच घराण्यांची. एरवी नदीत नांदणारे निरनिराळे जिवाणू मागे पडले आणि 'फर्मिक्युट्स' नावाच्या एकाच मोठ्या गटाने ९४.६ टक्के जागा व्यापली. हे पाहुणे आले कुठून? त्यांचा माग काढला तर सर्वांत मोठा वाटा माणसाच्या अंगावरच्या आणि पोटातल्या जिवाणूंचा निघाला. जनुकीय माहितीवरून बांधलेल्या अंदाजात आणखी एक गोष्ट दिसली. रोग निर्माण करण्याची ताकद देणारी आणि प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं मेळ्यात वाढली होती.

याच निबंधात कुंभमेळ्यांच्या गर्दीची एक तुलना आहे. १९०३ मध्ये सुमारे ४ लाख लोक, २०१३ मध्ये १२ कोटी. आंघोळीच्या जागा मात्र मोजक्याच.

गंगेचीही हीच कहाणी. ब्रिटनचं न्यूकॅसल विद्यापीठ आणि दिल्लीची आयआयटी यांनी ऋषिकेश-हरिद्वारच्या पाण्यात 'एनडीएम-१' हे जनुक शोधलं. मे-जूनच्या यात्राकाळात ते एरवीपेक्षा सुमारे ६० पट जास्त सापडलं. हे जनुक ज्या जिवाणूकडे जातं, त्याच्यावर कार्बापेनेमसारखी शेवटच्या फळीतली औषधंही सहसा चालत नाहीत.

मला यात भाविकांचा दोष दिसत नाही. माणूस डुबकी मारतो ती श्रद्धेने. त्याला पुरेशी शौचालयं, चालू स्थितीतला मैलापाणी प्रकल्प आणि वाहतं पाणी देणं हे नगराचं काम. रोगप्रतिबंधाचा विचार आला की आपण आधी गोळ्यांचा हिशेब करतो. खरं तर गटाराच्या पाइपलाइनचाही करायला हवा.

पोलिसाच्या लघवीतलं सोनं

पेनिसिलिन टोचलेल्या सर्वांत पहिल्या रुग्णांपैकी एक म्हणजे ऑक्सफर्डचा पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर. साल १९४१. औषध इतकं दुर्मिळ की डॉक्टर त्याची लघवी गोळा करायचे, तिच्यातून पेनिसिलिन पुन्हा गाळून काढायचे आणि त्यालाच टोचायचे. तो बरा होत आला होता. पण साठा संपला आणि तो दगावला.

यातली शिकवण तशी रोजच्या कामाची: शरीर प्रतिजैविक सगळंच वापरत नाही. अमॉक्सिसिलिनचा तर निम्म्याहून अधिक भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. तिथून गटार आणि गटारातून नदी. ज्या जिवाणूंचा आपल्या आजाराशी काही संबंध नाही, तेही मग पाण्यात औषधाची चव घेत बसतात आणि सवय लावून घेतात.

शेजारणीची विरजणवाटी

घरात विरजण नसलं की आपण शेजारी वाटी पाठवतो. चमचाभर येतं आणि रात्रीतून पातेलंभर दही होतं. जिवाणूंमध्येही नेमका हाच शेजारधर्म आहे.

आपल्याकडे गुण आईबापांकडून मुलांकडे जातात. जिवाणू त्यासाठी थांबत नाहीत. त्यांच्या पेशीत 'प्लाझ्मिड' नावाचं जनुकांचं छोटंसं कडं असतं. दोन जिवाणू जवळ आले की एक जण या कड्याची नक्कल दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. जात एक असायलाच हवी असंही नाही. पोटातला निरुपद्रवी जिवाणू घातक जिवाणूला औषधापासून बचाव करण्याची युक्ती देऊ शकतो. एकाच कड्यावर चार-पाच औषधांवरचे तोडगे एकत्र असले, तर एका हस्तांतरात सगळेच मिळतात.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. म्हणून गरज नसताना घेतलेली एक गोळी म्हणजे या अख्ख्या वस्तीला दिलेलं प्रशिक्षण. मला प्रतिजैविकांच्या बाबतीत 'माझं शरीर, माझी गोळी' हे म्हणणं कधीच पटलेलं नाही, ते या वाटीमुळे.

दही लागत नाही? गाईला विचारा

गाईला कासदाह झाला, ज्याला गोठ्यात 'दगडी' म्हणतात, की कासेत प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. त्यानंतर ठरावीक दिवस ते दूध विकायचं नसतं. किती दिवस, हे औषधाच्या वेष्टणावर लिहिलेलं असतं आणि पशुवैद्यही सांगतात. हे पाळलं नाही तर औषधाचा अंश दुधात उतरतो, आणि अशा दुधाला लावलेलं विरजण नीट लागत नाही. कारण दही लावणारे जीव हेही जिवाणूच. औषध त्यांनाही मारतं. डेअऱ्या दुधातले प्रतिजैविकांचे अंश तपासतात, त्यामागे दही-चीज बिघडू नये हेही एक कारण आहे.

अर्थात दही न लागण्याची इतर शंभर कारणं असतात. थंडी हे नाशकातलं पहिलं.

पहिल्या पावसाचा वास कोण पाठवतं?

जूनमध्ये पहिली सर येते, तापलेली माती भिजते आणि गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत सगळे एकदम खोल श्वास घेतात. त्या मृद्गंधामागे 'जिओस्मिन' नावाचं रसायन आहे आणि ते बनवण्यात 'स्ट्रेप्टोमायसिस' जातीचे मातीतले जिवाणू आघाडीवर असतात. माणसाचं नाक या वासाला विलक्षण तिखट आहे. लाख कोटी भागांत पाचेक भाग असला तरी आपल्याला तो कळतो.

गंमत पुढे आहे. याच स्ट्रेप्टोमायसिस घराण्याने आपल्याला स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशी प्रतिजैविकांची रांग दिली. निसर्गातून मिळालेल्या प्रतिजैविकांपैकी मोठा हिस्सा या एकट्या घराण्याचा. मातीतल्या गर्दीत शेजाऱ्याला दूर ठेवण्यासाठी ते ही रसायनं वापरत असावेत, असं मानलं जातं. आणि स्वतःच्याच विषाने आपण मरू नये म्हणून बचावाची जनुकंही तेच बाळगतात. म्हणजे औषध आणि औषधावरचा तोडगा एकाच घरात जन्मले.

तीस हजार वर्षं जुना हट्ट

कॅनडाच्या उत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनीतून ३०,००० वर्षं जुना डीएनए काढला, तर त्यातही पेनिसिलिनसारख्या आणि टेट्रासायक्लिनसारख्या औषधांवर मात करणारी जनुकं निघाली. हा शोध २०११ चा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या लेचुगिया गुहेची बातमी आली. जमिनीवरच्या जगापासून सुमारे ४० लाख वर्षं तुटलेल्या तिच्या भागातले काही जिवाणू तब्बल १४ प्रतिजैविकांना दाद देत नव्हते, आणि तिथे कुणी डॉक्टर कधी फिरकला नव्हता. तेव्हा हा गुण आपण निर्माण केलेला नाही. आपण फक्त तो गुण असलेल्यांनाच जगू देतोय, बाकीच्यांना मारून.

टीबीचं औषध डाळिंबावर

आता कसमादेत येऊ. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. डाळिंबाने या पट्ट्यात बंगले उभे केले आणि तेल्याने बागा उपटायला लावल्या. फळावर तेलकट डाग पडतो, काळा होतो, मग फळ तडकतं. हा झांथोमोनास नावाच्या जिवाणूचा रोग. पावसाचे थेंब, वारा, छाटणीची कात्री आणि रोगट झाडावरून केलेलं गुटी कलम यांवरून तो बागेत फिरतो.

बुरशी असती तर बुरशीनाशक चाललं असतं. जिवाणू म्हटल्यावर बागायतदार कृषी सेवा केंद्रातून वर्षानुवर्षं आणत आले ते स्ट्रेप्टोसायक्लिन. पुडी फोडायची, पाण्यात विरघळवायची, ब्लोअरने मारायची. तिच्यात काय असतं? नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन.

हे स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स इथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने ते शोधलं. ते देणाऱ्या जिवाणूचा एक वाण खतावलेल्या शेतातल्या मातीतला आणि दुसरा चक्क कोंबडीच्या घशातला! नोबेल मात्र १९५२ मध्ये एकट्या वॅक्समन यांना मिळालं. शॅट्झला सहशोधक म्हणून मान्यता मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली होती. १९४८ च्या ब्रिटिश चाचणीत क्षयाचे रुग्ण या औषधाने भराभर सुधारले. पण काही आठवड्यांत अनेकांच्या शरीरातले जंतू त्याला जुमानेनासे झाले. एकट्या औषधाने भागत नाही, दोन-तीन औषधं एकत्रच द्यायला हवीत, हा धडा टीबीच्या उपचाराने तिथे घेतला आणि आजवर पाळला.

आणि स्ट्रेप्टोसायक्लिन ही पुडी कुणाची? पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची. १९५४ मध्ये स्थापन झालेला हा सरकारी कारखाना. स्वतंत्र भारताला स्वतःचं पेनिसिलिन बनवून देणारा, ज्याला पुणेकर नुसतं 'एचए' म्हणतात. माणसाच्या औषधातून पिकाचं औषध निघालं, तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नसेल. पण फवारलेलं औषध फळावर थोडं आणि पानांवर, मातीत, ओढ्यात बरंच पडतं. मातीत तर आधीपासून स्ट्रेप्टोमायसिसची वस्ती आणि तिच्या बचावाची जनुकं तयार. त्यांना आपण वर्षातून अनेकदा सरावाला बसवत होतो.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने याबाबत मसुदा आदेश काढला. शेतीसाठी या दोन प्रतिजैविकांची आयात आणि निर्मिती १ फेब्रुवारी २०२२ पासून बंद, आणि वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद, असं त्यात होतं.

मग तेल्याचं काय करायचं? बागेतले जाणकार जे सांगतात त्यात प्रतिजैविक नाहीच. रोपं निरोगी मातृवृक्षाची घ्यायची. झाडागणिक कात्री निर्जंतुक करायची. रोगट फळं आणि काड्या बागेत पडू न देता वेचून नष्ट करायच्या. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारायचं. झाडाला विश्रांती द्यायची. आणि जमत असेल तर पावसात सापडणारा मृग बहार सोडून कोरड्या हवेतला हस्त बहार धरायचा. बहार बदलून जिवाणूला ओल मिळू न देणं, ही मला या सगळ्यातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. तिला ना पुडी लागते ना परवाना.

चार युक्त्या

जिवाणू औषधापासून वाचतो कसा? पहिली युक्ती विहिरीवरच्या मोटारीची: आत आलेलं औषध पंपाने उपसून बाहेर. दुसरी कात्रीची: एंझाइमने औषधाचा रेणूच कापायचा. तिसरी कुलूप बदलण्याची: औषध जिथे जाऊन बसतं ती जागाच वेगळी घडवायची. चौथी दार लावून घेण्याची: पेशीभिंतीची भोकं कमी करायची. काही बिलंदर चारही एकत्र वापरतात.

सकाळी एक, संध्याकाळी १०७ कोटी

ई-कोलाय हा पोटातला जिवाणू, अन्न आणि ऊब भरपूर असेल तर, दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. सकाळी आठला एक. दहा तासांत तीस दुपटी. संध्याकाळी सहाला १०७ कोटींहून अधिक. इतक्या नकलांत एखादी चूक होणारच, आणि एखादी चूक औषधाच्या आड येणारी असणारच.

२०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हे डोळ्यांना दिसेल असं करून दाखवलं. दोन फूट बाय चार फुटांची थाळी, तिच्यात जिवाणूंचं खाद्य. कडेला औषध शून्य, मग आत पट्ट्यापट्ट्यांनी दहापट, शंभरपट, आणि मधोमध हजारपट. कडेला ई-कोलाय सोडले. प्रत्येक पट्ट्याच्या सीमेवर ते अडले, मग एखादा बदललेला वीर पुढे घुसला आणि त्याची पिलावळ पंख्यासारखी पसरली. सुमारे अकरा दिवसांत त्यांनी मधला पट्टा काबीज केला. याची चित्रफीत शाळेच्या प्रत्येक विज्ञान प्रयोगशाळेत दाखवायला हवी.

फ्लेमिंग यांनी आधीच बजावलं होतं

१९४५ च्या नोबेल व्याख्यानात पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग बोलले ते हेच. अपुरी मात्रा घेतली तर जंतू मरणार नाहीत, उलट सरावतील. त्याआधी, १९४० मध्येच, पेनिसिलिन तोडणारं जिवाणूचं एंझाइम सापडलं होतं. तेव्हा औषध रुग्णांपर्यंत पोचलंही नव्हतं. पुढे मेथिसिलिन आलं आणि १९६१ मध्ये ब्रिटनमधून त्यालाही न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची नोंद आली. औषध आलं की पाठोपाठ तोडगा.

तांबडी रेघ

आत्ता उठा आणि औषधांचा डबा उघडा. स्ट्रिपवर डाव्या बाजूला उभी तांबडी रेघ दिसतेय? तिचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही. २०१६ पासून केंद्राने या रेघेचा प्रचार सुरू केला. त्याआधी १ मार्च २०१४ पासून 'एच-१' ही अनुसूची लागू झाली. त्यातली प्रतिजैविकं विकताना मेडिकलवाल्याने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची.

प्रत्यक्षात काउंटरवर काय ऐकू येतं? 'घसा धरलाय, कणकण आहे, पॉवरची काहीतरी द्या.' सर्दी, साधा फ्लू, बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि विषाणूवर प्रतिजैविक शून्य काम करतं. तीन दिवसांत बरं वाटतं, कारण तसंही वाटणारच होतं. श्रेय मात्र गोळीला जातं. खासगी बाजारातल्या विक्रीचा २०१९ चा अभ्यास सांगतो की भारतात सर्वाधिक खपलेली प्रतिजैविकाची गोळी ॲझिथ्रोमायसिन ५०० ची होती. घराघरात तिला नावाने ओळखतात, हे काही भूषण नव्हे.

'कोर्स पूर्ण करा' याबद्दलही एक ताजी गोष्ट. सगळे कोर्स लांबलचक असायला हवेत असं आता वैद्यकशास्त्र मानत नाही. साध्या न्यूमोनियाला अनेकदा पाच दिवस पुरतात, टीबीला मात्र महिने. किती दिवस हे डॉक्टर ठरवतात. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून आपण थांबवायचं नाही, आणि उरलेल्या चार गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवायच्या नाहीत. मावशीला बऱ्या पडल्या म्हणून भाच्याला द्यायच्या, हे तर मुळीच नाही.

राज्यभरातल्या डॉक्टर, वैद्य, नर्स यांच्या पदव्यांवर ज्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा शिक्का असतो, ते १९९८ पासून नाशकात, म्हसरूळला आहे. चिठ्ठी कशी लिहावी हे शिकणाऱ्या हजारो हातांचा पत्ता आपल्या गावचा आहे. नाशिककर म्हणून मला याचा अभिमान वाटतो आणि अपेक्षाही तेवढीच आहे.

माहीमचे चार रुग्ण

डिसेंबर २०११. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकारी यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. चार रुग्ण, आणि तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारा क्षय. त्यातल्या तिघांची मागची कहाणी सारखी होती. या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे, कधी मात्रा चुकीची, कधी एकेक औषध सुटंसुटं वाढवलेलं. 'सर्वौषधरोधी' या शब्दावर सरकारने हरकत घेतली, वाद झाला. पण मे २०१२ मध्ये प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद शासनाला कळवणं देशभर बंधनकारक झालं. आता हट्टी टीबीसाठी सहा महिन्यांची नवी औषधयोजना भारताने २०२४ मध्ये मंजूर केली आहे. पूर्वी हाच उपचार दीड-दोन वर्षं चालायचा.

अडगळीतलं औषध आणि कोंबडी

कोलिस्टिन हे १९५० च्या दशकातलं औषध. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून बाजूला पडलं. पुढे बाकीची औषधं हरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी ते अडगळीतून काढून शेवटचं हत्यार म्हणून वापरायला घेतलं. तोवर कोंबड्यांच्या खाद्यात मात्र ते वजन वाढावं म्हणून सर्रास मिसळलं जात होतं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनपासून वाचवणारं जनुक प्लाझ्मिडवर चढलंय. म्हणजे विरजणाची वाटी फिरायला लागली. जुलै २०१९ मध्ये भारताने अन्नासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या, मासे यांच्यासाठी कोलिस्टिनवर बंदी आणली. नाशिक जिल्ह्यात पोल्ट्रीच्या शेड ठायीठायी आहेत, तेव्हा हा निर्णय आपल्या दाराशीच लागू होतो. लसीकरण, कोरडी गादी, स्वच्छ पाणी, शेडच्या दाराशी पाय बुडवायचं जंतुनाशक, एवढं सांभाळलं तर खाद्यातल्या औषधाची गरजच उरत नाही, असं पशुवैद्य सांगतात.

लस घ्या, गोळी वाचवा

जो आजार झालाच नाही त्याला प्रतिजैविक लागत नाही. विषमज्वराचे जिवाणू एकेका औषधाला पचवत चाललेत, म्हणून लस महत्त्वाची. टायफॉइडची नवी संयुगी लस सार्वजनिक मोहिमेत सर्वांत आधी कुठे दिली गेली माहीत आहे? २०१८ मध्ये, नवी मुंबईत. महापालिकेने एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. आणि न्यूमोनियाची स्वदेशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० च्या अखेरीस आणली.

पाण्यातले शिकारी

१८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नोंदवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू फार काळ टिकत नाहीत. पाणी उकळलं की हा गुण जातो. कदाचित जिवाणूंना खाणारे विषाणू, म्हणजे फाज, यामागे असावेत. त्यांना हे नाव १९१७ मध्ये फेलिक्स देरेल यांनी दिलं. आज औषधं थकली तिथे फाजने उपचार करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. यावरून गोदाघाटावरचं पाणी ओंजळीने प्यावं असं मात्र समजू नका. १३० पट हा आकडाही त्याच पाण्यातला.

संभाजीनगरची गोळी

नवी प्रतिजैविकं निघतच नाहीत, ही तक्रार थोडी कमी करणारी बातमी मराठवाड्यातून आली. वोखार्ट कंपनीचं संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. तिची 'नॅफिथ्रोमायसिन' ही गोळी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने देशातलं पहिलं स्वदेशी बनावटीचं प्रतिजैविक म्हणून जाहीर केली. समाजात पसरणाऱ्या न्यूमोनियावर, दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस. मागे १४ वर्षांचं काम आणि सुमारे ५०० कोटी रुपये. हार्वर्डच्या त्या थाळीतले अकरा दिवस आठवा आणि ही गोळी सर्दीला कुणी मागितली तर काय होईल ते बघा.

१२ लाख ७० हजार

२०१९ या एका वर्षात जगात थेट औषधरोधी जिवाणूंमुळे गेलेले जीव. ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी या जिवाणूंचा कमीअधिक संबंध होता. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १५ लाखांच्या आसपास होती.

पुन्हा घाटावर

पुढचा सिंहस्थ २०२७ चा. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भर पावसाळ्यात. रस्ते, पूल, साधुग्राम यांची आखणी जोरात आहे. माझी एक मागणी मनापासून आहे. २०१५ मध्ये तपासलेल्या त्याच पाच ठिकाणांचं पाणी मेळ्याआधी, ऐन पर्वणीत आणि मेळा उलटल्यावर पुन्हा तपासावं. नुसते जिवाणू मोजू नयेत, हट्टी जनुकंही मोजावीत. आकडे रामकुंडापाशी, बुधवारच्या बाजाराला येणाऱ्या बायाबापड्यांना वाचता येतील अशा मोठ्या मराठी अक्षरांत फळ्यावर लिहावेत. बारा वर्षांपूर्वीचा आकडा आपल्या हाताशी आहेच, फळ्यावर सर्वांत वर तोच लिहायचा: १३०.